मुलांचा तुटलेला पुढचा दात: कॅप नको, आधी कंपोझिट

आठ-नऊ वर्षांच्या मुलाचा वरचा पुढचा दात तुटला की घरातल्यांचा पहिला प्रश्न असतो, कॅप कधी बसवायची? आत्ता नाही. अठराच्या आसपास बघू, आणि तेव्हाही गरज पडलीच तर. तोवर दात कंपोझिटने, म्हणजे दाताच्या रंगाच्या आणि लाइटने कडक होणाऱ्या भरणीने बांधायचा, बिघडला तर दुरुस्त करायचा.

यामागचं कारण दाताच्या वयात आहे. वरचे मधले दोन पटाशीचे दात साधारण सातव्या-आठव्या वर्षी तोंडात येतात, पण त्यांचं मूळ पूर्ण व्हायला त्यानंतर आणखी तीनेक वर्षं लागतात. तोपर्यंत मुळाचं टोक उघडं असतं, मुळाच्या भिंती पातळ असतात आणि आतली नस मोठ्या माणसाच्या मानाने कितीतरी रुंद असते. कॅपसाठी असा दात चारही बाजूंनी घासायचा म्हणजे बर (घासायचं फिरतं टोक) नसेच्या अगदी जवळ न्यायचा. हिरडीही अजून आपल्या जागी स्थिरावलेली नसते. आज तिच्याखाली लपवलेली कॅपची कड चार वर्षांत उघडी पडते. सगळ्यात मोठं नुकसान म्हणजे या वयात नस मेली तर मुळाची वाढ तिथेच थांबते, आणि पातळ भिंतींचा तो दात पुढे कधीतरी मानेपाशी मोडतो. म्हणून पुढची सगळी खटपट नस जिवंत ठेवण्यासाठी आहे. दात सुंदर दिसणं हाही त्याच कामाचा भाग, पण नंबर दुसरा.

आधी आईबाबांसाठी थोडं. तुकडा शोधा. सापडला तर दुधात, सलाइनमध्ये, काहीच नसेल तर साध्या पाण्यात ठेवा. रुमालात गुंडाळून आणलेला कोरडा तुकडा पांढराफटक होतो आणि नीट चिकटत नाही. मुळासकट अख्खा दात निघाला असेल तर प्रकरण वेगळं. तो कायमचा दात असेल तर वरच्या भागाला धरून, घाण असल्यास क्षणभर धुऊन, तिथल्या तिथे जागेवर बसवायचा आणि पळत दवाखाना गाठायचा. दुधाचा दात मात्र परत बसवत नाहीत. मूल बेशुद्ध पडलं होतं, उलट्या होतायत किंवा गुंगीत आहे असं असेल तर आधी मोठं हॉस्पिटल, दात नंतर. धनुर्वाताची लस झाली आहे का तेही बघा.

आता डेंटिस्टसाठी, खुर्चीतलं काम. तुकडा सापडला नाही आणि खालचा ओठ फाटून सुजला असेल तर ओठात बोटाने चाचपून न थांबता ओठाचाच एक्स-रे घ्या, कमी एक्सपोजरवर. ओठात राहिलेला तुकडा महिन्या-दोन महिन्यांनी गाठ म्हणून समोर येतो. दाताचा एक्स-रे शेजारच्या दातासकट घ्या. मुळाला भेग नाही ना हे त्यात कळतं, शिवाय सहा महिन्यांनी मुळाची वाढ तोलायला तोच आधार होतो. थंड स्प्रेला किंवा करंटच्या टेस्टला दाताने प्रतिसाद दिला नाही म्हणून लगेच रूट कॅनाल उघडायचं नाही. नुकत्या आलेल्या दातात या टेस्ट तशाही बेभरवशाच्या असतात आणि मारानंतर नस काही आठवडे, कधी तीन महिनेही गप्प राहते. अशा घाईत किती जिवंत नसा काढल्या जातात, याचा हिशोब कुणी ठेवत नाही.

किती खोल तुटलंय त्यावर पुढचं ठरतं. फक्त इनॅमलचा (वरच्या कडक थराचा) टवका उडाला असेल तर डिस्कने धार मोडली की बऱ्याचदा भागतं. त्याखालचं पिवळसर डेंटिन दिसत असेल तर ते त्याच दिवशी झाकलं पाहिजे. लहान वयात डेंटिनच्या नळ्या रुंद असतात, जंतू त्यातून सरळ आत जातात. रक्त नाही पण आतून गुलाबी छटा दिसतेय, म्हणजे नसेवर अर्धा मिलिमीटर किंवा त्याहून कमी डेंटिन उरलंय. तेवढ्याच जागी कॅल्शियम हायड्रॉक्साइडचा ठिपका ठेवायचा, वर ग्लास आयोनोमर हे सिमेंट. ठिपका म्हणजे खरंच ठिपका. तो पसरून इनॅमलच्या कडेपर्यंत आला तर तिथे बॉण्ड (दात आणि कंपोझिट जोडणारा चिकट द्रव) धरत नाही, आणि गळती तिथूनच सुरू होते.

नस उघडी पडून लाल थेंब दिसत असेल तरीही रूट कॅनाल हे पहिलं उत्तर नाही. स्वीडनमध्ये काम करणाऱ्या म्योमिर स्वेक यांनी १९७८ मध्ये दाखवलेली अर्धवट पल्पोटॉमी, म्हणजे नसेचा फक्त वरचा भाग काढणं, आजही अशा दाताची पहिली निवड आहे. तुटल्याला काही तास, अगदी एक-दोन दिवस झाले तरी ती करता येते. भूल देऊन, रबर डॅम (लाळ अडवणारा रबरी पडदा) लावून, वेगाने फिरणाऱ्या डायमंड बरने भरपूर पाण्याखाली वरची सुमारे २ मिमी नस काढायची. सलाइनने ओल्या केलेल्या कापसाने काही मिनिटं हलका दाब. रक्त थांबलं की खालची नस निरोगी आहे असं धरायचं. थांबतच नसेल तर सूज आणखी खोल आहे, अजून थोडं खाली जायचं. रक्ताची गुठळी तशीच ठेवून तिच्यावर औषध भरू नका. वर एमटीए किंवा बायोडेंटिन, नस झाकायची ही दोन सिमेंटं. पुढच्या दातासाठी बायोडेंटिन बरं, कारण जुन्या प्रकारच्या एमटीएमध्ये बिस्मथ ऑक्साइड असतं आणि ते दाताला राखाडी करतं. इतक्या मेहनतीने वाचवलेला दात वर्षभरात काळवंडला की आईबाबांना वाटतं, दात मेला.

भुलीचं गणित कागदावर करा. लिग्नोकेन या भुलीच्या औषधाची कमाल मात्रा किलोमागे ४.४ मिग्रॅ. २० किलोच्या मुलाला ८८ मिग्रॅ, म्हणजे २ टक्क्यांच्या द्रावणाचे ४.४ मिलि. एका पुढच्या दाताला साधारण १ मिलि पुरतं, त्यामुळे हाताशी जागा आहे. पण बाटलीतून सिरिंज भरताना अंदाजपंचे भरू नका. आणि घरी जाताना, ओठ बधिर आहे, चावू देऊ नका, हे सांगायला विसरू नका.

त्याच दिवशी सुंदर दात बांधायचा हट्ट नको. ओठ सुजलेला, हिरडीतून रक्त, मूल रडून थकलेलं. डेंटिनवर ग्लास आयोनोमर किंवा फ्लोएबल (पातळ) कंपोझिटची पट्टी मारून घरी पाठवा. दात खूप हलत असेल तर शेजारच्या दातांना ०.४ मिमीपर्यंतच्या लवचिक तारेने दोन आठवडे बांधा. तात्पुरतं सिमेंट भरायचं असेल तर त्यात लवंगेचं तेल, म्हणजे युजेनॉल नको. ते कंपोझिटमधल्या रेझिनला नीट कडक होऊ देत नाही.

दात कायमचा बांधायच्या दिवशी पहिलं काम शेडचं, म्हणजे रंग जुळवण्याचं, आणि ते दात ओला असताना. रबर डॅम लागून दहा मिनिटं झाली की दात सुकून पांढरा पडतो. त्या वेळी निवडलेली शेड दुसऱ्या दिवशी घरच्या आरशात फिकट दिसते. शेड गाइडवर फार विसंबू नका. ज्या कंपोझिटने भरणार आहात त्याचेच दोन-तीन छोटे गोळे बॉण्ड न लावता दातावर ठेवून लाइट मारा आणि बघा, कारण कडक झाल्यावर छटा बदलते. मुलांचे दात मोठ्यांपेक्षा पांढुरके आणि जास्त अपारदर्शक असतात. मोठ्यांसाठी नेहमी वापरतो ती ए२ किंवा ए३ इथे पिवळी पडते.

मग पुटीचा साचा. प्लास्टर मॉडेलवर मेणाने दात पूर्ण करून, किंवा वेळ नसेल तर तोंडातच बॉण्डशिवाय कंपोझिट लावून ढोबळ आकार द्या, मागच्या बाजूने सिलिकॉन पुटी (माप घ्यायचं मऊ मिश्रण) दाबा, मग ते कंपोझिट उचकून काढून टाका. चार-पाच मिनिटांचं काम. यात दाताची लांबी, टाळूकडची बाजू आणि चाव्याचा उतार एकदम मिळतो. नुसत्या पारदर्शक मायलर पट्टीमागे बोट धरूनही दात बांधता येतो, हात बसलेले लोक बांधतातही. पण मग निम्मा वेळ शेवटी घासण्यात जातो, आणि मुलाचा धीर नेमका त्याच वेळी संपलेला असतो.

कोरडेपणाला पर्याय नाही. अर्धवट वर आलेल्या पुढच्या दातावर रबर डॅमचा क्लॅम्प (चिमटा) टिकत नाही. तो मागच्या दुधाच्या दाढांवर लावा आणि पुढच्या दातांना फ्लॉसने बांधा. तेही जमलं नाही तर रबर डॅमला दोन भोकांऐवजी एक लांब चीर पाडून, कापसाच्या गुंडाळ्या आणि चांगलं सक्शन. शेजारच्या दातांभोवती पांढरी टेफ्लॉन टेप गुंडाळा. नळाच्या कामाची टेप हार्डवेअरच्या दुकानात मिळते, ऑटोक्लेव्हमध्ये निर्जंतुकही होते.

कडेला बेव्हल, म्हणजे तिरका उतार, द्यायचा तो फक्त इनॅमलमध्ये: ओठाच्या बाजूला ४५ अंशांत १ ते २ मिमी आणि किंचित नागमोडी. सरळ रेषेतली कड डोळ्याला लगेच सापडते. टाळूच्या बाजूला लांब बेव्हल नको. तिथे खालचा दात आदळतो आणि पातळ कंपोझिट चिरतं. डेंटिनला हात लावायचा नाही.

एचिंग, म्हणजे रेझिन धरावं म्हणून पृष्ठभाग खरखरीत करणं, ३७ टक्के फॉस्फोरिक ॲसिडने. आधी इनॅमलवर, बेव्हलच्या पुढेही एक मिलिमीटर, १५ सेकंद. मग तेच जेल डेंटिनवर सरकवून आणखी १५ सेकंद. म्हणजे इनॅमलला ३० आणि डेंटिनला १५. १९५५ मध्ये मायकेल बुओनोकोर यांनी इनॅमलवर ॲसिड लावून रेझिन चिकटवून दाखवलं तेव्हा त्यांनी ८५ टक्क्यांचं ॲसिड वापरलं होतं. तिथून आपण खूप सौम्य झालो आहोत, पण सगळा भरवसा अजूनही इनॅमलवरच आहे. १५ सेकंद धुवा. इनॅमल धुरकट पांढरं दिसलं पाहिजे, डेंटिनवर मात्र नुकत्या सारवलेल्या जमिनीसारखी ओलसर चमक राहिली पाहिजे. हवेने डेंटिन पूर्ण सुकवलं तर कोलॅजनचं जाळं कोसळतं, बॉण्ड आत शिरत नाही आणि मूल पुढचे आठ दिवस थंड पाण्याला दात झोंबतो म्हणत राहतं. या क्षणी लाळेचा एक थेंब जरी लागला तरी नुसतं पुसून पुढे जाऊ नका. पुन्हा एच करा.

यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड भागात जिथे पाण्यात फ्लोराइड जास्त आहे, तिथल्या डाग पडलेल्या दातांवर हे १५-३० सेकंद पुरत नाहीत. तिथलं वरचं इनॅमल ॲसिडला दाद देत नाही. बारीक डायमंड बरने वरचा थर हलका खरवडून ॲसिड जास्त वेळ ठेवावं लागतं, धुरकट पांढरेपणा दिसेपर्यंत. अशा दातात एकसारख्या रंगाचं फिलिंग उलट उठून दिसतं. शेवटच्या थराखाली पांढऱ्या टिंटचे दोन-चार अनियमित ठिपके टाकले की ते शेजाऱ्यात मिसळतं.

बॉण्ड ऐन वेळी थेंबभर काढा. ॲसिटोनवाला असेल तर उघड्यावर मिनिटभरात उडून जातो. ब्रशने २० सेकंद घासत लावा, मग हळू हवा, पृष्ठभागावर लाट हलायची थांबेपर्यंत. कोपऱ्यात साठलेला जाड बॉण्ड पुढे एक्स-रेत काळ्या पोकळीसारखा दिसतो आणि कुणीतरी त्याला कीड समजून उकरतं. लाइटची ताकद अधूनमधून रेडिओमीटरवर मोजा. बल्ब जळतोय म्हणजे ताकद आहे असं नाही. टोक दाताच्या शक्य तितकं जवळ धरा. जास्त ताकदीचा लाइट मात्र लहान दाताची नस तापवतो, त्यामुळे २० सेकंदांपेक्षा सलग मारू नका, मध्ये हवा सोडा.

साच्यात टाळूच्या बाजूचं कवच आधी: इनॅमल शेडचा अर्ध्या मिलिमीटरपेक्षा पातळ थर साच्यावर पसरून साचा जागेवर बसवा, लाइट मारा, साचा काढा. आता दाताची बाह्यरेषा समोर उभी आहे. मग शेजारच्या दाताला टेकणारी भिंत, मायलर पट्टी आणि लाकडी पाचर लावून. आत डेंटिन शेडचं अपारदर्शक कंपोझिट. ते तुटलेल्या रेषेवरून बेव्हलच्या मध्यापर्यंत आणलंच पाहिजे. इथे सगळ्यात जास्त काम बिघडतं. नुसत्या पारदर्शक शेडने भरलेल्या दातातून तोंडातला अंधार दिसतो, दात करडा होतो आणि तुटलेली रेष दुरूनही वाचता येते. डेंटिनचा थर खालच्या कडेआधी एक-दीड मिलिमीटर थांबवा आणि टोकाला दोन-तीन बोटांसारखे उंचवटे ठेवा, नव्या दाताला असतात तसे. शेवटी अर्ध्या मिलिमीटरचा इनॅमल थर एका सलग हाताने. कुठलाही थर २ मिमीपेक्षा जाड नको. आकसण्याची फार चिंता इथे करू नका. अशा कोपऱ्यात कंपोझिटला आकसायला मोकळी बाजू भरपूर असते. दाढेतल्या खड्ड्यासारखं ते अडकलेलं नसतं. इन्स्ट्रुमेंटला चिकटतंय म्हणून स्पिरिट लावून गुळगुळीत करायची सवय मात्र सोडा. शेवटचा लाइट ग्लिसरीन जेलच्या थरातून मारा, म्हणजे हवेमुळे वर राहणारा चिकट थर उरत नाही.

घासताना आधी पेन्सिलने दाताच्या दोन उभ्या कडांच्या रेषा काढा, शेजारच्या दातावरच्या बघून. दात रुंद दिसतो की अरुंद, हे या दोन रेषांमधलं अंतर ठरवतं. खरी रुंदी तीच ठेवूनही डोळ्याला फसवता येतं. मग जाड डिस्कपासून बारीक डिस्कपर्यंत क्रमाने. एक पायरी गाळली तर तिचे ओरखडे शेवटच्या चकाकीतही दिसतात. मुलांच्या दातावर आडव्या बारीक लाटा असतात, त्या डायमंड बरने हलक्या हाताने उमटवा. काचेसारखा गुळगुळीत दात नऊ वर्षांच्या तोंडात खोटा दिसतो.

चावा बघताना नुसतं दात मिटून चालत नाही. खालचा जबडा पुढे सरकवायला सांगा, डावी-उजवीकडे घासायला सांगा. नवा कोपरा एकटाच घासत असेल तर तो महिनाभरही टिकणार नाही. पुढे आलेले दात आणि न मिटणारे ओठ असलेल्या मुलाचा दात पुन्हा तुटण्याची शक्यता जास्त, त्याला ऑर्थोडोंटिस्टकडे लवकर पाठवा.

तुकडा शाबूत मिळाला असेल तर यातलं बरंच टळतं. तो २० मिनिटं पाण्यात किंवा सलाइनमध्ये भिजवा. जागेवर तंतोतंत बसतो का बघा. तुकड्याला ब्रशच्या टोकावर चिकट मेणाने पकडा, नाहीतर एच केलेला तुकडा थेट सक्शनमध्ये जातो. दोन्ही बाजू एच, दोन्ही बाजू बॉण्ड, मधे थोडं फ्लोएबल, बसवा, जादाचं पुसा, दोन्हीकडून लाइट. नंतर रेषेवर उथळ बेव्हल देऊन वर कंपोझिटचा थर. त्याने रेष झाकते आणि जोडही मजबूत होतो. तरी मूळ दाताची ताकद येत नाही, हे घरी स्पष्ट सांगा: ऊस पुढच्या दाताने सोलायचा नाही, कणीस दाण्यांचं करून द्यायचं, चिक्की आणि पेनाची टोपणं बंद.

दुधाच्या पुढच्या दाताचा हिशोब वेगळा. छोट्या टवक्याला गुळगुळीत करणं पुरतं. जास्त तुटला किंवा बाटलीच्या दुधाने किडला असेल तर स्ट्रिप क्राउन, म्हणजे पारदर्शक कवचात कंपोझिट भरून बांधलेला दात. पारदर्शक कवच दाताच्या रुंदीवरून निवडा, हिरडीकडची कड कापा, टाळूच्या बाजूच्या कोपऱ्याला एक्स्प्लोररने (टोकदार हत्याराने) भोक पाडा. हे भोक विसरलात तर आत हवेचा बुडबुडा अडकतो आणि नेमका पुढच्या कोपऱ्यात दिसतो. दात टोकाला एक-दीड आणि बाजूंनी अर्धा ते एक मिलिमीटर कमी करा, एच आणि बॉण्ड करा. दुधाच्या दाताच्या वरच्या थराची रचना वेगळी असते, तिथे एचिंगला घाई नको. कवच दोन तृतीयांश भरून दाबा, कडेने आणि भोकातून आलेलं जादाचं आधी काढा, मग पुढून-मागून लाइट, आणि कवच सोलून टाका. हिरडीतून रक्त येत असेल तर त्या दिवशी करू नका. किडलेल्या तोंडात ते जवळजवळ येतंच, म्हणून आधी आठवडाभर घासणं सुधारून घ्या. दात करकरा खाणाऱ्या आणि खोल चाव्याच्या मुलात स्ट्रिप क्राउन टिकत नाहीत.

पुन्हा बोलवायचं ते सहा ते आठ आठवड्यांनी आणि एक वर्षाने. नस उघडी पडली होती तर मधे तीन आणि सहा महिन्यांनीही. दर वेळी एक्स-रे शेजारच्या दातासोबत तोला. त्याचं मूळ वाढलं आणि याचं तिथेच थांबलं असेल, हिरडीवर फोड आला असेल, ठोकल्यावर दुखत असेल, तर नस गेली. नुसता रंग थोडा बदलला म्हणून निष्कर्ष काढू नका. खो-खो, कबड्डी, हॉकी खेळणाऱ्या मुलाला माप घेऊन बनवलेला माउथगार्ड द्या. दात येत-जात असतात त्यामुळे तो दरवर्षी नवा करावा लागतो.

आणि कंपोझिटचा कोपरा उडेल. कधीतरी उडेलच, आईबाबांना ते पहिल्याच दिवशी सांगून ठेवा. तेव्हा अख्खं फिलिंग काढू नका. दर वेळी सगळं काढलं की थोडं चांगलं इनॅमलही जातं. उडालेल्या जागी जुनं कंपोझिट जाड डायमंड बरने किंवा ५० मायक्रॉनच्या ॲल्युमिनाच्या फवाऱ्याने खरखरीत करा, इनॅमलची कड ताजी करा, फॉस्फोरिक ॲसिडने दोन्ही साफ करा. कंपोझिटच्या भागावर सिलेन (जुनं-नवं कंपोझिट जोडणारा द्रव) लावून सुकू द्या, मग सगळ्यावर बॉण्ड, आणि नवं कंपोझिट. जुनी शेड नोंदीत लिहिलेली असेल तर काम पंधरा-वीस मिनिटांत होतं. म्हणून शेड, कंपनी आणि कुठला थर कशाचा ते केसपेपरवर लिहा, आणि पुटीचा साचा मुलाचं नाव घालून पाकिटात ठेवा. दात अजून वर येत असेल तर साचा वर्षभराने बसणार नाही, तेव्हा नवा घ्या.